महाविद्यालयाचा परिसर सर्वांना आपला वाटावा यासाठी: नागपुरातील शिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधींसाठी सविस्तर मार्गदर्शक

नागपुरात शिकायला येणारा विद्यार्थी एका साच्यातला नसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात; चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, तरी तिथली मुले-मुली पुढच्या शिक्षणासाठी नागपूरची वाट धरतातच. व्हीएनआयटी, आयआयएम, एम्स, राष्ट्रीय विधी विद्यापीठ अशा संस्थांमुळे देशाच्या इतर भागांतले विद्यार्थीही शहरात आले आहेत. त्यामुळे घरी गोंडी बोलणारा कोरचीचा मुलगा, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत वाढलेली साकोलीची मुलगी, मोमिनपुऱ्यातली हिंदी-उर्दू बोलणारी मुलगी, जरीपटक्यातला सिंधी मुलगा आणि धरमपेठेतल्या इंग्रजी शाळेतून आलेला मुलगा एकाच वर्गात बसलेले असू शकतात. वर्षभर शेजारी बसूनही त्यांची एकमेकांशी धड ओळख होत नाही, असे मात्र वारंवार घडते.

या लेखाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. विद्यार्थी परिसरातून बाजूला पडतात ते दर वेळी कुणाच्या आकसामुळे पडतात असे नाही. बैठकीची वेळ, कार्यक्रमाची वर्गणी, सूचनेची भाषा, अर्जातले रकाने आणि इमारतीच्या पायऱ्या अशा रोजच्या व्यवस्था त्यांना बाहेर ठेवतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. व्यवस्था बदलणे आपल्या हातात असते, म्हणून सुरुवात तिथून करावी. जिथे खरोखरच आकस, टिंगल किंवा छळ आहे, तिथे मात्र स्नेहमेळाव्यांनी काम भागत नाही. तिथे तक्रारीची चालती वाट लागते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पायरी १: कोण दिसत नाही, ते आधी शोधा

हे काम मे महिन्यात, नवे प्रवेश सुरू होण्यापूर्वी करावे. मागील वर्षाच्या प्रवेशनोंदी घेऊन किती विद्यार्थी कुठल्या तालुक्यांतून आले, किती जण अपडाऊन करतात, किती जण वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात, किती जणांचे आधीचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पहिल्या सत्रानंतर किती जण परत आलेच नाहीत, याची साधी मोजणी करावी. त्यानंतर दुसरी मोजणी करावी: वर्ग प्रतिनिधी, स्नेहसंमेलनाची समिती, क्रीडासंघ, शैक्षणिक सहल आणि नोकरीच्या मुलाखतींची तयारी यांत प्रत्यक्ष कोण होते? दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की फट दिसू लागते. काटोल, उमरेड, कामठी किंवा वर्ध्याहून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी एकही जण सांस्कृतिक समितीत नसेल, तर समितीच्या बैठका किती वाजता होतात ते आधी पाहावे. संध्याकाळी साडेपाचची बैठक शहरात राहणाऱ्यांना सोयीची असते. ज्याची पॅसेंजर किंवा शेवटची एसटी त्याच सुमारास सुटते, त्याच्यासाठी ती बैठक नसल्यासारखीच.

या मोजणीत नावे येऊ देऊ नयेत. जात, धर्म, अपंगत्व किंवा घरचे उत्पन्न यांची माहिती फक्त आकड्यांत असावी आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर फिरू नये. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या याद्या सूचनाफलकावर नाव, प्रवर्ग आणि रक्कम अशा तीन रकान्यांत लागलेल्या दिसतात. प्रवर्गाच्या रकान्याची तिथे काहीही गरज नसते. अर्ज क्रमांक आणि सद्यःस्थिती एवढे पुरते. वर्गात येऊन प्रवर्गाचे नाव घेत विद्यार्थ्यांना उभे करणे आणि कागदपत्रे मागणे ही पद्धतही याच वर्षी बंद करावी. कार्यालयाला त्यासाठी एक संदेश आणि एक खिडकी एवढीच तजवीज लागते.

मोजणीबरोबर एक फेरीही मारावी. चाकाची खुर्ची वापरणारा विद्यार्थी असेल तर त्याला विचारून त्याच्यासोबत, नसेल तर भाड्याने खुर्ची आणून, मुख्य फाटकापासून वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा दालन, कॅन्टीन आणि स्वच्छतागृह असा मार्ग पूर्ण करावा. उताराचे प्रमाण १:१२ असावे असे मानले जाते, म्हणजे चढायची उंची जितकी, त्याच्या बारापट रॅम्पची लांबी. दारापुढे प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर भरते आणि रॅम्प किमान ५.४ मीटर लांब लागतो. पायऱ्यांच्या कडेला दोन मीटरचा सिमेंटचा उतार ओतून त्यावर चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवले, तर तो तपासणी समितीला दाखवायला बरा, पण त्यावरून कुणी एकट्याने चढू शकत नाही. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते आणि ती व्यक्ती सुटीवर असली तर काय होते, हेही याच फेरीत विचारावे. कित्येकदा आत झाडू, बादल्या आणि जुन्या खुर्च्या भरलेल्या सापडतात.

पायरी २: छोटा गट, पण अधिकार असलेला

कागदावरच्या समित्या प्रत्येक महाविद्यालयात पुरेशा आहेत. इथे गरज आहे ती सात-आठ जणांच्या कामकरी गटाची. त्यात दोन शिक्षक, तीन-चार विद्यार्थी, कार्यालयातील एक लिपिक आणि वसतिगृहाचा किंवा ग्रंथालयाचा एक कर्मचारी असावा. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वगळणे ही मोठी चूक ठरते, कारण नव्या विद्यार्थ्याशी पहिले बोलणे प्राचार्यांचे होत नाही. ते फाटकावरच्या चौकीदाराचे आणि खिडकीपलीकडच्या बाबूंचे होते. गटाला प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीचे लेखी पत्र, थोडा खर्चाचा अधिकार आणि वेळापत्रकात राखलेला एक तास द्यावा. विद्यार्थी सदस्यांचे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत किंवा कमवा व शिका योजनेत धरता येते का, ते विद्यार्थी विकास विभागाशी बोलून ठरवावे. फुकटच्या कामाला तेच येतात ज्यांना फुकट काम करणे परवडते.

पायरी ३: प्रवेशापासून पहिले सहा आठवडे

संपूर्ण कामाचा अर्धा भार याच काळावर असतो, म्हणून इथे घाई करू नये. मैत्रीचे गट, वर्गातल्या बसण्याच्या जागा आणि कुणाकडे नोट्स मागायच्या याचे संकेत एकदा ठरले की वर्षभर हलत नाहीत.

प्रवेश निश्चित झाला की प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच विभागातल्या वरच्या वर्गातील कुणीतरी फोन करावा. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यातली कुटुंबे मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या कामात असतात आणि गावात नेटवर्क असेलच असे नाही, म्हणून एकदा फोन लागला नाही तर नाव खोडू नये. फोनवर काय बोलायचे तेही ठरवून घ्यावे: पहिल्या दिवशी कुठे यायचे, कोणती मूळ कागदपत्रे आणायची, उतरल्यावर मोरभवन किंवा गणेशपेठ बसस्थानकाहून कोणती बस किंवा मेट्रो घ्यायची, राहण्याची सोय झाली का. ‘तुझा रँक किती होता?’ आणि ‘कोणत्या कॅटेगरीतून आलास?’ हे दोन प्रश्न कुणीही, कधीही विचारू नयेत, असा नियम सिनियर विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावा. हे प्रश्न उत्सुकतेचे नसतात. त्यांच्या उत्तरावर पुढची वागणूक ठरते, हे विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारले त्याला दोघांनाही ठाऊक असते.

खोलीचा प्रश्न नागपुरात नाजूक आहे. समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची यादी पुष्कळदा वर्ग सुरू झाल्यानंतर लागते, आणि तोवर विद्यार्थी नातेवाइकांकडे नाहीतर गाववाल्याच्या खोलीत तिसरा-चौथा म्हणून राहतो. भाड्याने खोली शोधताना आडनाव विचारले जाते, ‘आमच्याकडे फक्त शाकाहारी’ असे सांगितले जाते आणि धर्म कळल्यावर खोली अचानक ‘आधीच गेलेली’ असते. महाविद्यालयाने यावर काय करावे? जिथे आधी विद्यार्थी राहिले आणि त्यांना असा अनुभव आला नाही, अशा घरमालकांची आणि मेसची यादी सिनियर विद्यार्थ्यांकडून दर वर्षी ताजी करून घ्यावी, खोली पाहायला एक सिनियर सोबत द्यावा, आणि वसतिगृहाची यादी लागेपर्यंत दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती सोय स्वतःच्या वसतिगृहात ठेवावी. स्वाधार आणि स्वयंम या राज्य शासनाच्या योजनांत वसतिगृह न मिळालेल्या, अनुक्रमे अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध आणि अनुसूचित जमातीच्या पात्र विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी थेट रक्कम मिळते. ती माहिती पहिल्या आठवड्यातच तोंडी सांगावी, कारण मुदत निघून गेल्यावर ती फलकावर वाचून उपयोग नसतो.

पहिल्या दिवसाचा कार्यक्रम लहान ठेवावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नवागतांच्या प्रवेशपर्वाची रूपरेषा दिली आहे आणि तिचा गाभा चांगला आहे, पण प्रत्यक्षात तिचे रूपांतर पाहुण्यांच्या सत्कारात आणि दोन तासांच्या भाषणांत होते. त्याऐवजी दहा-बारा जणांचे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे आणि दोन सिनियर विद्यार्थ्यांकडे द्यावा. रॅगिंग रोखण्यासाठीच्या आयोगाच्या २००९ च्या नियमांतही नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवण्याची तरतूद आहेच. गट रोल नंबरच्या क्रमाने पाडू नयेत, कारण काही ठिकाणी रोल नंबर प्रवेशाच्या गुणवत्ताक्रमाने दिलेले असतात आणि मग आरक्षित जागांवरचे विद्यार्थी शेवटच्या गटात एकत्र येतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत.

ओळख करून घेताना आडनाव, वडिलांचा व्यवसाय आणि शाळेचे नाव हे नेहमीचे प्रश्न टाळावेत. ‘हाक कोणत्या नावाने मारायची? कुठून आलास? इथे आल्यापासून काय अवघड वाटले?’ एवढे पुरते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे गटाच्या शिक्षकाने लिहून ठेवावीत. कुणाला ग्रंथालयाचे कार्ड मिळालेले नसते, कुणाला इंग्रजीतले वेळापत्रक उमगलेले नसते, कुणी तीन दिवस फक्त तर्री-पोह्यांवर काढलेले असतात.

दोन गट हमखास सुटतात. पहिला गट प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे शेवटच्या किंवा स्पॉट फेरीत येणाऱ्यांचा. ते येतात तेव्हा स्वागत संपलेले असते, म्हणून स्वागताची लहान आवृत्ती चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा करावी. दुसरा गट भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या विद्यार्थ्यांचा. जुलै ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालते, मजूर मिळत नाहीत, आणि घरची मुले-मुली बांधीत (धानाच्या शेतात) उतरतात. नेमक्या त्याच दिवसांत वर्गातली नाती जुळत असतात आणि हजेरीचे ७५ टक्के मोजले जात असतात. या अनुपस्थितीला बेफिकिरी समजू नये. आधी अर्ज दिला तर त्या काळातल्या प्रात्यक्षिकांची भरपाई पुढच्या महिन्यात करण्याची मुभा असावी, नोट्स पोचवण्यासाठी एक जोडीदार ठरवून द्यावा, आणि परत आल्यावर मुलाला सर्वांसमोर ‘आलात का साहेब?’ असे विचारू नये.

पायरी ४: भाषा

नागपूरच्या परिसरात भाषेवरून होणारी टिंगल सगळ्या दिशांनी चालते. पुण्याकडून आलेला शिक्षक ‘करून राहिलो’ ऐकून हसतो, नागपूरची मुले सडक अर्जुनीच्या मुलाच्या झाडीबोलीची नक्कल करतात, आणि ईशान्येकडून आलेल्या मुलीला हिंदी येत नाही म्हणून कॅन्टीनमध्ये चिडवले जाते. रॅगिंगविरोधी नियमांत आयोगाने २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार जात, धर्म, लिंग, रंगरूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख आणि आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ हा रॅगिंगमध्येच मोडतो. ‘आम्ही तर गंमत केली’ हा बचाव त्यापुढे टिकत नाही, हे सिनियर विद्यार्थ्यांना पहिल्याच सभेत सांगावे.

वर्गातला प्रश्न अधिक खोल आहे. लाखांदूरच्या महाविद्यालयातून मराठी माध्यमात बी.ए. करून एम.ए. अर्थशास्त्राला नागपूरला आलेल्या मुलीला मागणीची लवचिकता नीट समजलेली असते. आलेख काढून ती शेजारणीला समजावूही शकते. पण वर्गात ‘इलॅस्टिसिटी’ सुरू झाली की तिची वही थांबते आणि तोंडी परीक्षेत ती गप्प बसते. बाहेरून आलेले परीक्षक शून्य गुण देऊन मोकळे होतात. यावर उपाय फार खर्चाचा नाही. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने पहिल्या दोन आठवड्यांसाठी पन्नास-साठ संज्ञांची मराठी, हिंदी आणि इंग्रजी यादी द्यावी. ती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतली तर त्यांचाही अभ्यास होतो. फळ्यावर संज्ञा दोन्ही भाषांत लिहावी. प्रश्न विचारण्यासाठी तासाच्या शेवटी पाच मिनिटे चिठ्ठीची सोय ठेवावी आणि चिठ्ठी कोणत्याही भाषेत चालेल असे सांगावे. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला आधी त्याच्या भाषेत उत्तर देऊ द्यावे आणि मग तीच संज्ञा इंग्रजीत विचारावी. बाहेरील परीक्षकाला ही पद्धत परीक्षेपूर्वी विभागप्रमुखांनी सांगितली की अडचण येत नाही.

सूचनांच्या बाबतीत नियम सोपा असावा. शुल्क, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि सुरक्षितता यांविषयीची प्रत्येक सूचना मराठीत आणि इंग्रजीत निघावी, आणि जिथे परप्रांतीय विद्यार्थी आहेत तिथे हिंदीतही. व्हॉट्सॲपवरची ध्वनिफीत म्हणजे सूचना नव्हे. ती ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही.

पायरी ५: पैशाची गोष्ट उघडपणे बोला

शुल्काची चर्चा सर्वत्र होते. वर्गणीची होत नाही. फ्रेशर्स पार्टी, विभागाचा टी-शर्ट, शिक्षकदिनाची भेट, फेअरवेल, स्नेहसंमेलनाचा पोशाख आणि सहल यांची वर्षाची बेरीज एकदा विद्यार्थी प्रतिनिधींनी कागदावर मांडून पाहावी. खोलीभाडे आणि डब्याचे पैसे महिन्याअखेरीस जुळवणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती बेरीज जड असते, आणि ‘मला असल्या गोष्टींत रस नाही’ असे सांगून तो बाजूला होतो. ते त्याचे खरे मत आहे असे समजून सगळे पुढे जातात.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वर्गणीला वरची मर्यादा असावी आणि ती विभागाच्या बैठकीत ठरावी. कोणी किती दिले याची यादी वर्गाच्या गटावर टाकू नये. पैसे एका शिक्षकाकडे किंवा पाकिटातून जमा व्हावेत, आणि कुणी काही दिले नाही तरी जेवणाचे ताट आणि टी-शर्ट सर्वांना सारखेच मिळावे. सहल अभ्यासक्रमाचा भाग असेल तर ती परवडत नसलेल्यांचा खर्च महाविद्यालयाने उचलावा. तसे जमत नसेल तर दूरची सहल रद्द करून बुटीबोरीच्या औद्योगिक क्षेत्रात किंवा कोराडीच्या वीजकेंद्रात भेट ठरवावी. अभ्यासाच्या दृष्टीने तिथेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती उशिरा जमा होणे हे नेहमीचेच आहे. ‘शुल्क बाकी’ असलेल्यांची नावे फलकावर लावणे किंवा परीक्षेच्या तोंडावर प्रवेशपत्र अडवणे या गोष्टींनी पैसा लवकर येत नाही, विद्यार्थी मात्र वर्गात येणे सोडतो. जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावणाऱ्या विद्यार्थ्याला समितीसमोर सुनावणी असलेल्या दिवसाची हजेरी द्यावी.

पायरी ६: वेळ, वाहतूक आणि शरीर

महत्त्वाचे कार्यक्रम दुपारी बारा ते चारच्या दरम्यान घ्यावेत. एप्रिल-मे याला अपवाद. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जात असताना दुपारी मैदानावर काहीही ठेवू नये, आणि त्या दिवसांत प्रत्येक मजल्यावर थंड पाण्याची सोय चालू आहे की नाही ते रोज पाहावे. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाची वेळ आणि मुलांच्या वसतिगृहाची वेळ वेगळी असेल तर ग्रंथालयाचा रात्रीचा अभ्यास मुलांपुरताच उरतो. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहात भेदभावाचे नियम लावू नयेत, असे आयोगाच्या २०१५ च्या नियमांत म्हटले आहे. उपाय फाटक लवकर लावण्यात नाही. रस्त्यावर दिवे, ग्रंथालय ते वसतिगृह सोबत आणि उशिराची बस यांत आहे.

अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. जागा भरली की काम संपले असे नसते. लेखनिक कोण देणार, तासाला किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ पर्यवेक्षकाला माहीत आहे का, विद्यार्थ्याचे परीक्षा दालन तळमजल्यावर आहे का, हे परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, सत्राच्या सुरुवातीला लेखी ठरवून त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यावी. पारलिंगी विद्यार्थ्यांच्या बाबतीत २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने ओळखीचा हक्क स्पष्ट केला आहे. अर्जात तिसरा रकाना छापणे सोपे. त्या विद्यार्थ्याने कोणते स्वच्छतागृह वापरायचे आणि हजेरीत कोणते नाव पुकारायचे, याचे उत्तर त्याच्याशी एकांतात बोलून आधी ठरवणे अधिक गरजेचे.

पायरी ७: सण, जेवण आणि कॅलेंडर

शैक्षणिक दिनदर्शिका तयार करताना ईद, नाताळ, दिवाळी, पोळा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन समोर ठेवावेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या स्मृतीसाठी विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि नागपूरचे अनेक विद्यार्थी पाणी, अन्नदान, पुस्तकांचे स्टॉल यांत दोन-तीन दिवस राबतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंतर्गत परीक्षा ठेवली तर तिचा फटका कोणाला बसतो, हे सांगायची गरज नाही. रमजानमध्ये संध्याकाळचे प्रात्यक्षिक अर्धा तास आधी संपवणे कोणालाच जड जात नाही.

मेसमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी असू शकतात. जेवणारी माणसे वेगळ्या टेबलांवर बसवू नयेत. यावर वाद होईल, होऊ द्यावा. पण जेवणावरून माणसांची विभागणी एकदा सुरू झाली की ती ताटापुरती राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ८: तक्रारीची वाट

तक्रार करणाऱ्याला कुठे जायचे ते कळत नाही, ही बहुतेक ठिकाणची खरी अडचण असते. म्हणून प्रथम एक पानाचा तक्ता करून प्रत्येक मजल्यावर, वसतिगृहात आणि स्वच्छतागृहाच्या दारामागे लावावा. स्वच्छतागृहात अशासाठी, की तिथे तो एकट्याने वाचता येतो.

त्या तक्त्यात पुढील गोष्टी असाव्यात. रॅगिंगसाठी महाविद्यालयाची रॅगिंगविरोधी समिती आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग हा गुन्हा आहे. लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती, जिच्या अध्यक्ष ज्येष्ठ महिला शिक्षिका असतात, जिच्यात बाहेरचा एक सदस्य असतो आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात विद्यार्थी सदस्यही असतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार आणि नव्वद दिवसांत चौकशी हा तिथला नियम. जातीवरून भेदभाव झाल्यास समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी, ज्यांची तरतूद २०१२ च्या नियमांत आहे. प्रकार गंभीर असेल तर १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे जाता येते आणि महाविद्यालयाची अंतर्गत चौकशी त्याच्या आड येऊ शकत नाही. गुण, शुल्क, कागदपत्रे अशा बाबींसाठी २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्यापीठाचे लोकपाल. प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्ष व्यक्तीचे पद, खोली क्रमांक आणि भेटीची वेळ हवी. नुसते ‘संबंधित समिती’ असे लिहून चालणार नाही.

तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याशी पहिल्या दहा मिनिटांत कसे बोलावे, याचा सराव शिक्षकांनी करावा. खोलीचे दार लोटून घ्यावे, मोबाइल बाजूला ठेवावा आणि मध्येच न थांबवता ऐकावे. ‘तू आधी काय बोललास?’, ‘जाऊ दे, वर्षाचा प्रश्न आहे’, ‘तो चांगल्या घरचा मुलगा आहे’ ही तीन वाक्ये तोंडातून निघू देऊ नयेत. त्यानंतर पुढे कोणते मार्ग आहेत ते सांगून विद्यार्थ्याला काय हवे ते विचारावे: फक्त ऐकून घेणे, वर्ग किंवा खोली बदलणे, की रीतसर चौकशी. लैंगिक छळ आणि रॅगिंग यांत मात्र संस्थेवर जबाबदारी येते, त्यामुळे तक्रार शिक्षकाला गिळून टाकता येत नाही, हेही तिथेच प्रामाणिकपणे सांगावे. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून हात मिळवायला लावण्याची आपल्याकडची हौस आवरावी. तडजोडीच्या नावाखाली तक्रारदारावरच दबाव येतो आणि पुढची तक्रार कोणी करत नाही.

मनावरच्या ताणासाठी वेगळी सोय लागते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. त्यांची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून नसावी. तिथे जाताना पाहिले जाण्याची भीती वाटली की कोणी जात नाही. रात्रीच्या वेळी टेलि-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

पायरी ९: मोजणी पुन्हा, आणि सूत्रे पुढच्यांकडे

दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये निनावी प्रश्नावली द्यावी. तीत पाच-सहाच प्रश्न असावेत: वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो का, आजारी पडलात तर नोट्स कोण देईल, गेल्या महिन्यात कुणी जात, भाषा, धर्म वा शरीरावरून बोलले का, तक्रार कुठे करायची ते माहीत आहे का, पैशांमुळे एखादा कार्यक्रम सोडावा लागला का. उत्तरे एकत्रित करून, त्यावर काय केले त्यासह, फलकावर लावावीत. तक्रारींची संख्या पहिल्या वर्षी वाढली तर घाबरू नये आणि ती मूल्यांकनाच्या अहवालातून लपवूही नये. वाट उघडली की आधी साचलेले बाहेर येते.

विद्यार्थी सदस्य दोन-तीन वर्षांत निघून जातात आणि शिक्षकांच्या बदल्या होतात, त्यामुळे जे काही केले ते एका फाइलमध्ये राहिले पाहिजे: फोनवर बोलण्याचा मसुदा, खोल्यांची यादी, संज्ञांच्या याद्या, वर्गणीच्या मर्यादेचा ठराव, रॅम्पची मोजमापे आणि कोणते काम कोणाकडे अडले याची नोंद. नव्या गटाची निवड मार्चमध्ये करून त्याची पहिली बैठक उन्हाळी परीक्षा संपण्याच्या आत, जुन्या गटातले किमान दोघे शहरात असतानाच घ्यावी, कारण त्यानंतर सगळे गावाला जातात आणि जूनमध्ये प्रवेशाच्या रांगा लागेपर्यंत कोणी भेटत नाही.